अंगठ्यामागचे सरकलेले हाड
छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेची ओळख

पायाचा अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे कलू लागतो आणि त्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या कडेला, एक कठीण उंचवटा दिसू लागतो. ही व्याधी जगभर आढळते. इंग्रजीत या उंचवट्याला ‘बनियन’ म्हणतात. परंतु भारतात हा उच्चार कानी पडताच अंगात घालण्याचे वस्त्र डोळ्यांपुढे येते. मराठीत या व्याधीला सर्वमान्य असे नाव नाही. ‘अंगठ्याचे हाड वाढले’ असे लोक बोलताना म्हणतात. डोळ्यांना जे दिसते त्याचे हे स्वाभाविक वर्णन होय. पण ते यथार्थ नाही. बहुतेक रुग्णांत ते हाड फारसे वाढलेले नसते. ते आपल्या जागेवरून सरकलेले असते.

हा भेद केवळ शब्दांचा आहे असे कोणी समजू नये. वाढलेले हाड तासून काढले की काम संपते. सरकलेले हाड मात्र पुन्हा जागेवर आणावे लागते. या व्याधीवरील शस्त्रक्रियेचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे हे सत्य ओळखण्याचा आणि ते अमलात आणण्याचा इतिहास आहे. अलीकडे हेच काम त्वचेवरील काही मिलिमीटरांच्या छिद्रांतून करता येऊ लागले आहे. ही छोट्या छेदाची पद्धती काय आहे, ती काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पावलाची रचना

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे असतात. टाच आणि घोटा यांच्याजवळ जाड, ओबडधोबड हाडांचा समूह असतो. त्याच्या पुढे पाच लांब हाडे एकमेकांशेजारी मांडलेली असतात. त्यांना प्रपदास्थी असे म्हणतात. प्रपदास्थींच्या पुढे बोटांची लहान हाडे येतात. अंगठ्यामागची पहिली प्रपदास्थी ही पाचांमध्ये सर्वांत जाड असते. तिच्या पुढच्या गोलसर टोकाला शीर्ष म्हणतात. या शीर्षावर अंगठ्याचे पहिले हाड टेकलेले असते आणि त्या दोहोंचा मिळून अंगठ्याच्या मुळाचा सांधा बनतो.

शीर्षाच्या खालच्या बाजूस वाटाण्याएवढी दोन हाडे कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांमध्ये, बसविलेली असतात. तिळाच्या दाण्यावरून पाश्चात्त्य वैद्यकात त्यांना ‘सेसमॉइड’ असे नाव पडले. येथे त्यांना तिळास्थी म्हणू. गाडीचे चाक रुळांवर बसावे तसे पहिल्या प्रपदास्थीचे शीर्ष या दोन तिळास्थींवर विसावलेले असते.

चालताना प्रथम टाच जमिनीला लागते. मग शरीराचा भार पावलाच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकून चवड्यावर येतो आणि शेवटी अंगठा जमीन मागे रेटतो. पाऊल उचलले जाते ते या शेवटच्या रेट्यामुळे. नुसते उभे असतानाही पहिल्या प्रपदास्थीचे शीर्ष शेजारच्या शीर्षाच्या जवळजवळ दुप्पट भार घेते असे मानले जाते. पावलाचा हा खांब ढळला तर त्याचे परिणाम साऱ्या चालण्यावर का होतात, हे यावरून ध्यानात येईल.

विकृती कशी बळावते

पहिल्या प्रपदास्थीच्या शीर्षाला कोणताही स्नायू थेट जोडलेला नसतो. ते दोन्ही बाजूंच्या कंडरा आणि अस्थिबंध यांच्या समतोलावर स्थिर राहते. हा समतोल एकदा बिघडला की प्रपदास्थी आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पावलाच्या दिशेला, कलते. अंगठा मात्र उलट बाजूला, शेजारच्या बोटाकडे वळतो. दोन हाडांमध्ये असा कोन तयार झाला की त्या कोनाचे टोक त्वचेखाली पुढे येते. उंचवटा म्हणून दिसते ते हेच टोक.

येथून पुढे ही विकृती स्वतःच स्वतःला वाढवू लागते. अंगठ्याला सरळ पुढे ओढणाऱ्या कंडरा आता सांध्याच्या मध्यावरून जात नाहीत. त्या बाहेरच्या बाजूस सरकतात. धनुष्याची दोरी ओढली की धनुष्य अधिक वाकते, त्याप्रमाणे स्नायूंच्या प्रत्येक ताणाबरोबर अंगठा अधिक वाकतो. तिळास्थी शेजारच्या हाडांशी बांधलेल्या असल्यामुळे जागच्या जागी राहतात आणि प्रपदास्थीचे शीर्ष त्यांच्यावरून घसरून जाते. चाक रुळावरून उतरावे, तसाच हा प्रकार होय.

बाहेर आलेल्या टोकावर बूट घासू लागतो. त्वचा आणि हाड यांच्यामधील द्रवाची लहान पिशवी सुजते, लाल होते, ठणकते. पहिल्या शीर्षाने सोडलेला भार दुसऱ्या व तिसऱ्या शीर्षावर पडतो आणि चवड्याखाली घट्टे पडतात. अंगठा आणखी कलला तर दुसरे बोट त्याच्यावर चढते. वृद्ध माणसांत याचा एक गंभीर परिणाम संभवतो: अंगठ्याचा आधार गेल्याने तोल जातो आणि पडण्याचा धोका वाढतो.

१८७० च्या दशकात कार्ल हूटर या जर्मन शस्त्रवैद्याने या विकृतीला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘बाहेर वळलेला अंगठा’ असा आहे. उंचवट्याऐवजी अंगठ्याच्या दिशेकडे लक्ष वेधणारे हे नाव आजही वैद्यकात चालते.

पादत्राणे आणि आनुवंशिकता

या विकृतीचे खापर सामान्यतः बुटांवर फोडले जाते. त्यात बरेच तथ्य आहे. १९५८ साली हाँगकाँगमधील लॅम आणि हॉजसन या शस्त्रवैद्यांनी एक तुलनात्मक पाहणी प्रसिद्ध केली. तेथील चिनी लोकांपैकी बूट वापरणाऱ्या ११८ आणि अनवाणी राहणाऱ्या १०७ व्यक्तींची पावले त्यांनी तपासली. बूट वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांत अंगठा कमीअधिक कललेला आढळला. अनवाणी लोकांत हे प्रमाण जेमतेम २ टक्के होते.

इतिहासातूनही असाच पुरावा मिळतो. २०२१ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथील संशोधकांनी त्या नगराच्या जुन्या दफनभूमींतील १७७ प्रौढांचे सांगाडे अभ्यासले. अकराव्या ते तेराव्या शतकांतील सांगाड्यांपैकी ६ टक्क्यांमध्ये ही विकृती दिसली, तर चौदाव्या व पंधराव्या शतकांतील सांगाड्यांपैकी २७ टक्क्यांमध्ये. चौदाव्या शतकात तेथे लांब व निमुळत्या टोकाचे जोडे वापरण्याची रीत पसरली होती. ज्यांचे अंगठे असे वळलेले होते, त्यांच्या हाडांवर पडण्यामुळे झालेल्या मोडीच्या खुणाही अधिक आढळल्या.

तथापि बूट हे एकमेव कारण नव्हे. निमुळते बूट जन्मभर घालूनही अनेकांचे अंगठे सरळ राहतात, तर अनवाणी लोकांपैकीही काहींना ही व्याधी जडते. पुष्कळ रुग्णांच्या आईला किंवा आजीला ती असल्याचे आढळते. सैल सांधे, पावलाची विशिष्ट ठेवण, संधिवातासारखे रोग हीही कारणे असतात. ज्या पावलात कल मुळातच असतो, त्याला निमुळता बूट त्या दिशेने रेटतो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. स्त्रियांमध्ये ही व्याधी पुरुषांपेक्षा बरीच अधिक आढळते. २०१० साली अनेक पाहण्यांचे एकत्रित परीक्षण झाले. त्यानुसार १८ ते ६५ वयाच्या प्रौढांपैकी सुमारे २३ टक्के आणि त्याहून वृद्ध लोकांपैकी सुमारे ३६ टक्के व्यक्तींमध्ये ही विकृती कमीअधिक प्रमाणात असते. यांतील सर्वांना वेदना होतात असे मात्र नाही.

विकृतीचे मोजमाप

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्वचेआड काय घडते आहे हे पाहण्याची सोय झाली. रुग्णाला उभे करून पावलाचे क्ष-किरण चित्र घेतले जाते. पायावर भार असतानाच हाडांची खरी स्थिती दिसते, म्हणून उभे राहणे महत्त्वाचे. या चित्रावर मुख्यतः दोन कोन मोजतात. पहिला कोन अंगठा आणि पहिली प्रपदास्थी यांच्यामधला. निरोगी पावलात तो १५ अंशांहून कमी असतो. दुसरा कोन पहिल्या आणि दुसऱ्या प्रपदास्थींमधला. तो साधारणतः ९ अंशांच्या आत असतो. पहिला कोन ४० अंशांपलीकडे गेला तर विकृती तीव्र समजली जाते. तिळास्थी शीर्षाखाली आहेत की शीर्ष त्यांच्यावरून उतरले आहे, हेही याच चित्रात दिसते.

जुन्या शस्त्रक्रिया

प्रारंभीच्या शस्त्रवैद्यांनी पुढे आलेला उंचवटा तासून काढला. पाऊल काही काळ सुबक दिसे. परंतु दोन हाडांमधला कोन तसाच राही, कंडरांची ओढ तशीच राही आणि विकृती परत येई. १८८१ साली जिनीव्हा येथील झाक-लुई रेव्हरदँ यांनी एक पाऊल पुढे टाकले. उंचवट्याबरोबरच त्यांनी प्रपदास्थीच्या शीर्षामागून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढला आणि हाडाचे टोक वळवून बसविले. हाड हेतुपुरस्सर कापून त्याची दिशा बदलणे, यास अस्थिछेद म्हणतात.

पुढील काळात अनेक मार्ग चोखाळले गेले. १९०४ साली अमेरिकेच्या सैन्यातील विल्यम केलर यांनी अंगठ्याच्या पहिल्या हाडाचा मागचा भाग काढून टाकण्याची रीत सांगितली. वेदना थांबे, पण अंगठा आखूड आणि दुर्बल होई. १९२५ साली एकिन यांनी अंगठ्याच्याच हाडातून लहान पाचर काढून तो सरळ करण्याची युक्ती वर्णिली. १९३४ साली पॉल लॅपिडस यांनी पावलाच्या मध्यभागी, प्रपदास्थीच्या मुळाचा सांधा कायमचा जुळवून टाकण्याचा पुरस्कार केला. १९८१ साली ऑस्टिन आणि लेव्हेंटन यांनी शीर्षाजवळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा छेद घेऊन शीर्ष बाहेरच्या बाजूस सरकविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. या व्याधीवर आजवर शंभराहून अधिक शस्त्रक्रिया वर्णिल्या गेल्या आहेत. एका रोगावर इतके उपाय सुचावेत, याचा अर्थ त्यांपैकी कोणताही सर्व रुग्णांना पुरेसा पडत नाही, असाच घ्यावा लागतो.

या साऱ्या शस्त्रक्रियांत पावलाच्या कडेला काही सेंटिमीटर लांबीचा छेद घेऊन सांधा उघडा केला जाई. हाड डोळ्यांना दिसते, करवतीने नेमके कापता येते, हा तिचा मोठा लाभ. परंतु त्यासाठी त्वचा आणि तिच्याखालील ऊती सोडवाव्या लागतात. त्यामुळे सूज, वेदना आणि सांध्याचा ताठरपणा यांचे प्रमाण वाढते.

छोट्या छेदाचा मार्ग

लहान छिद्रातून हाड कापण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत चालू होते. १९९१ साली तेथील स्टीफन इशाम यांनी रेव्हरदँ यांच्या जुन्या छेदाचे छोट्या छिद्रातून करावयाचे रूप प्रसिद्ध केले. त्यात हाडाचे तुकडे जागेवर ठेवण्यासाठी आत काहीही बसवीत नसत. बाहेरून विशिष्ट प्रकारे बांधलेल्या पट्ट्यांवर सारी भिस्त असे. पट्टी सैल पडली की हाड सरकण्याचे भय राही.

दुसरी पायरी ऑस्ट्रियातील पीटर ब्योश यांच्या नावाशी जोडलेली आहे. शीर्षाच्या मागे आडवा छेद घेऊन ते बाहेरच्या बाजूस ढकलायचे आणि एक पोलादी तार अंगठ्याच्या कडेने आत घालून तिचे टोक प्रपदास्थीच्या पोकळीत रोवायचे, अशी ही रीत होती. तारेच्या रेट्यामुळे शीर्ष नव्या जागी टिकून राही आणि काही आठवड्यांनी तार काढून घेत. तथापि तारेचे एक टोक त्वचेबाहेर राहत असल्याने जंतुसंसर्गाची वाट खुली राही, आणि एकाच तारेवर हाड पूर्णपणे स्थिर राहीलच असे नसे.

छेद लहान असणे हा स्वतः काही गुण नव्हे, हे या दोन पायऱ्यांनी शिकविले. जे काम मोठ्या छेदातून होते, तितकेच पक्के काम लहान छिद्रातून झाले तरच त्याला अर्थ आहे. २०१० साली ब्रिटनमधील उपचारांची पारख करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने, छोट्या छेदाच्या तत्कालीन पद्धतींविषयीचा पुरावा अपुरा असून त्या विशेष देखरेखीखालीच कराव्यात, असे मत दिले होते. साधारण त्याच सुमारास ब्रिटनमधील डेव्हिड रेडफर्न आणि फ्रान्समधील जोएल व्हेर्नुआ यांनी तिसरी पायरी विकसित केली. ‘व्ही’ आकाराचा छेद आणि एकिन यांची पाचर या दोन जुन्या युक्त्या त्यांनी छिद्रातून साधल्या आणि कापलेले हाड आतल्या आत स्क्रूंनी घट्ट केले. पुढे काही शस्त्रवैद्यांनी ‘व्ही’ऐवजी सरळ आडवा छेदही स्वीकारला.

शस्त्रक्रिया कशी होते

हाड उघडे करावयाचे नाही, तर ते दिसावे कसे? यासाठी अर्धवर्तुळाकार दांड्याचे क्ष-किरण यंत्र रुग्णाच्या पायाशी ठेवतात. त्याच्या पडद्यावर हाड आणि हत्यार ही दोन्ही तत्क्षणी दिसतात. शस्त्रवैद्याचा हात पावलावर आणि दृष्टी पडद्यावर असते.

रुग्णाला पूर्ण भूल देतात किंवा घोट्याभोवती इंजेक्शने देऊन केवळ पाऊल बधिर करतात. नंतर पावलाच्या आतल्या कडेला ३ ते ५ मिलिमीटरांचे छिद्र पाडतात. दाताच्या डॉक्टरांच्या यंत्राची आठवण करून देणारी, सुमारे २ मिलिमीटर जाडीची फिरती कानस त्यातून आत सारतात. ती मुद्दाम मंद गतीने पण जोराने फिरविली जाते. याचे कारण उष्णता होय. १९८३ साली स्वीडनमधील एरिक्सन आणि आल्ब्रेक्ट्सन यांनी सशांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की हाडाचे तापमान एक मिनिटभर ४७ अंश सेल्सिअस राहिले तरी त्यास इजा पोहोचते. म्हणून छेद चालू असता कानशीवर खारट द्रावणाची गार धार धरतात. पायाला रक्तप्रवाह थांबविणारा पट्टा अनेक शस्त्रवैद्य बांधत नाहीत. वाहते रक्तही हाडाला थंड ठेवण्यास साहाय्य करते.

कानस ज्या रेषेत फिरते तेथील हाडाची भुकटी होते. म्हणजे कानशीच्या जाडीइतके हाड कमी होते आणि प्रपदास्थी तेवढी आखूड होण्याचा संभव असतो. ती फार आखूड झाली तर तिचा भार शेजारच्या हाडांवर जाईल. हे टाळण्यासाठी छेदाची दिशा किंचित पुढे झुकती ठेवतात, म्हणजे शीर्ष बाहेर सरकताना थोडे पुढेही जाते. हाडाची भुकटी छिद्रातून धुऊन काढावी लागते. ती आत राहिली तर दाह होतो.

हाड कापले गेले की एक बारीक दांडी प्रपदास्थीच्या पोकळीत घालून तिच्या टेकूने शीर्ष बाहेरच्या बाजूस सरकवितात. विकृती मोठी असेल तर शीर्ष हाडाच्या निम्म्याहून अधिक रुंदीने सरकवावे लागते. अशा वेळी हाडाची दोन टोके जेमतेम एकमेकांना भिडलेली असतात. मग प्रपदास्थीच्या मुळाजवळून एक पोलादी तार तिरकस रोवतात. ती हाडाच्या बाहेरच्या भिंतीतून निघून सरकविलेल्या शीर्षात शिरते. या तारेवरून पोकळ गाभ्याचा स्क्रू आत फिरवितात आणि तार काढून घेतात. असे दोन स्क्रू बसविले की शीर्ष डळमळत नाही. त्यानंतर गरजेप्रमाणे अंगठ्याच्या हाडातून पाचर काढून तोही सरळ करतात. शेवटी एखाददुसरा टाका आणि अंगठ्याला योग्य दिशेत धरणारी पट्टी.

उंचवटा या शस्त्रक्रियेत नाहीसा होतो तो मुख्यतः तासल्यामुळे नव्हे. ज्या शीर्षामुळे तो दिसत होता ते शीर्षच आत, तिळास्थींवर, परत नेलेले असते.

नंतरचे आठवडे

कापलेले हाड मोडलेल्या हाडाप्रमाणेच जुळते. प्रथम दोन टोकांमध्ये मऊ ऊती तयार होते, मग तिच्यात चुना साठून ती कठीण बनते आणि पुढे कित्येक महिने शरीर त्या जोडाला घडवीत राहते. त्वचा व हाडावरचे आवरण फारसे सोडविलेले नसल्यामुळे या जोडाला रक्ताचा पुरवठा चांगला राहतो. शीर्ष बरेच सरकविले असता जी रिकामी जागा राहते तीही कालांतराने नव्या हाडाने भरून येते.

बहुतेक रुग्णांना लगेच, जाड व ताठ तळाचे विशेष पादत्राण घालून, थोडे चालण्याची परवानगी मिळते. हे पादत्राण साधारण सहा आठवडे वापरावे लागते. पहिले दोन आठवडे पाय शक्य तितका उंच ठेवणे हिताचे असते. अंगठा वरखाली हलविण्याचा व्यायाम सांगितला जातो. तो टाळल्यास सांधा ताठर होतो. सूज पूर्ण उतरण्यास सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. छिद्र चार मिलिमीटरांचे असले तरी आत हाड कापलेले आहे आणि हाड आपल्याच गतीने जुळते, हे विसरून जे रुग्ण लवकर धावपळ करतात, त्यांना त्याचे फळ भोगावे लागते.

लाभ आणि धोके

या पद्धतीचा लाभ किती, हे मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील शस्त्रवैद्यांनी ५० रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली. निम्म्या रुग्णांवर मोठ्या छेदाची आणि निम्म्यांवर छोट्या छेदाची शस्त्रक्रिया झाली. पहिल्या सहा आठवड्यांत छोट्या छेदाच्या रुग्णांना वेदना कमी झाल्या. परंतु सहा महिन्यांनी दोन्ही गटांचे पाऊल जवळजवळ सारखेच सुधारलेले होते. छोट्या छेदाने बरे होण्याचा आरंभीचा काळ सुसह्य होतो आणि व्रण लहान राहतो. अंतिम फळ मात्र हाड किती योग्य जागी बसले यावर अवलंबून असते, आणि ते दोन्ही मार्गांनी साधता येते.

धोकेही दोन्ही मार्गांना समान आहेत: जंतुसंसर्ग, त्वचेखालील बारीक नस दुखावून अंगठ्याला येणारा बधिरपणा, हाड न जुळणे, सांध्याचा ताठरपणा, शेजारच्या शीर्षांखाली वेदना आणि विकृती पुन्हा उद्भवणे. छोट्या छेदात त्यांत आणखी काहींची भर पडते. स्क्रूचे डोके त्वचेखाली टोचू लागले तर तो पुढे काढावा लागतो. कानस तापली तर त्वचा व हाड पोळते. शिवाय ही कला केवळ पडद्याकडे पाहून साधायची असल्याने ती हस्तगत होण्यास वेळ लागतो. नवशिक्या शस्त्रवैद्याला आरंभीच्या वीस-चाळीस शस्त्रक्रियांत वेळ अधिक लागतो आणि क्ष-किरणांचा वापरही अधिक होतो, असे दिसून आले आहे.

काही पावलांना हा मार्ग उपयोगी नाही. सांध्याची कूर्चा झिजून गेली असेल तर हाडाची दिशा बदलून वेदना थांबत नाही. तेथे सांधा जुळविणे बरे. प्रपदास्थीच्या मुळाचा सांधाच फार सैल असेल, तर लॅपिडस यांच्या पद्धतीचा विचार करावा लागतो. पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्या, मधुमेहाने पावलाची संवेदना गेलेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत जखम आणि हाड भरून येण्यास अडथळे येतात. वाढीच्या वयातील मुलांमध्ये शक्यतो वाढ पुरी होईपर्यंत थांबतात.

शस्त्रक्रिया कोणी करावी

उंचवटा दिसतो, पण दुखत नाही, अशा पावलाला शस्त्रक्रियेची गरज नसते. केवळ पाऊल सुंदर दिसावे किंवा पुढे कधी दुखेल या भयाने निरोगी चालणारे पाऊल कापणे योग्य नव्हे, याविषयी जाणकारांत सर्वसाधारण एकमत आहे. प्रथम पुढून रुंद, मऊ आणि कमी टाचेची पादत्राणे वापरून पाहावीत. उंचवट्यावर मऊ गादी, बोटांमध्ये लहान बोळा किंवा पावलाखाली योग्य आधार यांनी पुष्कळांची वेदना कमी होते. या उपायांनी हाड जागेवर परत येत नाही, हे खरे; परंतु वेदना थांबली की बहुतेकांना तेवढेच पुरे असते. हे सारे करूनही चालणे कष्टाचे होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करणे उचित ठरते.

अशा वेळी रुग्णाने व्रण किती लहान राहील एवढेच विचारून थांबू नये. उभ्या स्थितीतील क्ष-किरण चित्र घेतले आहे काय, हाड कोठे कापणार आणि कशाने घट्ट धरणार, आपल्या पावलाला हीच रीत का योग्य आहे, आणि शस्त्रवैद्याला या रीतीचा अनुभव किती आहे, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत. त्वचेवरील छिद्र काही दिवसांत भरून येते व दिसेनासे होते. त्याच्या आत जे हाड बसविले गेले, त्यावर मात्र त्या माणसाला पुढे आयुष्यभर चालावयाचे असते.